पुड्यांची माळ

दुकानाच्या दारात तोरणासारखी लटकते
शांपूच्या पुड्यांची माळ,
हिरव्या, जांभळ्या, एक काळी चकचकीत.
निवतीच्या बंदरावरून वारा सुटला
की सळसळतात, पानांचा आव आणून.
एक पुडी दोन रुपये.
बारा वर्षं मी त्या तोडून देते आहे
बांगड्याच्या पाट्या उतरवून आलेल्या हातांत.

मी स्वतः सोडला, त्यात तत्त्व काही नव्हतं.
हे आधीच सांगते.
डोक्याला खाज होती, भांगात कोंडा,
आणि फेब्रुवारीपासून विहिरीला मचूळ पाणी.
त्या पाण्यात साबण फाटतो.
शांपूच्याही दोन-दोन पुड्या लागतात.

कुडाळच्या बाजारातून पाव किलो रिठे आणले.
फोडले. आत काळी, गुळगुळीत बी.
ऊर्वीने सगळ्या बिया फ्रॉकच्या ओच्यात भरल्या,
वर्गात त्यांना भाव आहे म्हणे:
पाच बियांना एक खोडरबर.
सालं रात्रभर भिजवली, सकाळी घुसळली
तर त्याच मचूळ पाण्यात फेस आला,
भरती ओसरल्यावर पुळणीत राहतो तसा,
पिवळट, हट्टी.
मी हसले. मग तो डोळ्यात गेला.
ती आग कुणी सांगितलीच नव्हती.
न्हाणीच्या दगडावर बसून अर्धा तास रडले,
कारण नसताना,
आणि बरंच वाटलं.

पहिले तीन आठवडे विचारू नका.
केस म्हणजे रापणीचा दोर, ओढला की हाताला चिकटणारा.
कमलिनी खोबरेकर मीठ घ्यायला आली, मीठ विसरली:
"काय गो, डोक्याक काय लायलंस?
दुकानातलो शांपू संपलो?"

जास्वंदीची पानं वाटली.
लिबलिबीत, शेंबडासारखी धार,
गाळणं चोंदलं,
दोन दिवस फणीतून हिरवे कण निघत होते.
शेवटचं पाणी आमसुलाचं घ्यावं, असं कुणीसं म्हणालं.
केस मऊ झाले खरे,
आणि सासऱ्यांचा पांढरा पंचा गुलाबी.
तो खांद्यावर टाकून ते अजून धक्क्यावर जातात.
एक शब्द बोललेले नाहीत.

चौथ्या आठवड्यात डोकं शांत झालं.
एवढंच.
जाहिरातीसारखं वाऱ्यावर काही उडालं नाही.
चमक जरा कमीच आहे.
वास मात्र गेला, म्हणजे पुडीतला तो,
ज्याला सगळ्यांनी मिळून गुलाब म्हणायचं ठरवलं होतं.
रोहिदास सात दिवसांनी होडीवरून आला,
मानेशी नाक नेलं आणि थबकला.
"हो कसलो वास?"
"माझोच," मी म्हटलं.
नवख्या घरात शिरल्यासारखा तो क्षणभर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी जाळं झाडताना त्याने हाक मारली.
माकुलांच्या चिकट्यात, शेवाळात
नखाएवढे तिकोनी तुकडे.
पुड्यांचे कोपरे. रंग जसेच्या तसे.
"तुझ्या दुकानातले," तो म्हणाला, चेष्टेत.
मला माझंच तोंड आठवलं,
ओले हात, मिटलेले डोळे,
दातांत धरलेला कोपरा,
थू.

मग विकतेस कशाला, ऊर्वी विचारते.
मी वहीत डोकं घालते.
पुड्यांवर महिन्याला काय सुटतं
ते तिच्या फीच्याच पानावर लिहिलेलं आहे.

तिने आपला धंदा काढला:
पोरांनी घरातले कोपरे आणायचे,
पाच कोपऱ्यांना रिठ्याची एक बी.
गेल्या सोमवारपासून भाव वाढवलाय, दहाला एक.
बिया संपत आल्यात, म्हणून मी पुन्हा रिठे आणते,
आणि माळही, घाऊकवाल्याकडून, त्याच फेरीत.

गल्ल्याशेजारी गोळ्यांची रिकामी बरणी आहे.
तीत हिरवे, जांभळे, काळे कोपरे
पाऊण उंचीपर्यंत आलेत.
दुपारी ऊन पडलं की चांगले दिसतात.
गिऱ्हाईकं विचारतात, ह्या काय, खावचा?
तिचं काय करायचं
ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.